राखेच्या बुधवारपासून

मिस्किटा मॅडमना 'अंदाजे' हा शब्द चालत नसे. वॉर्डातला एखादा पेशंट म्हणाला, "अंदाजे आठवडा झाला असेल बाई," की त्यांचं पेन थांबायचं. "अंदाजे म्हणजे काय? लग्न अंदाजे केलंस का? कुठल्या तरी एका दिवशीच झालं ना? मग हेपण कुठल्या तरी एका दिवशीच सुरू झालं. आठव." आणि तो आठवायचा. पाठीला दोन उशा लावून बसवलेला, हातापायांतलं बळ गेलेला माणूस, आणि समोर फुलाफुलांच्या ड्रेसमधली, गळ्यात क्रूस आणि चष्म्याची साखळी यांचा एकत्र गुंता झालेली ही बाई. चिडायचं की हसायचं हे त्याला कळेपर्यंत उत्तर बाहेर आलेलं असायचं.

अंधेरीतल्या एका जुन्या इस्पितळाच्या न्यूरॉलॉजी विभागात मी आकडेमोडीच्या कामाला लागलो तेव्हा मॅडम तिथे सोशल वर्कर म्हणून पंचवीस वर्षं काढून बसल्या होत्या. वय सत्तावन्न. राहायला मरोळच्या बाजूला, गावठाणात. मी बोरीवलीचा, जोशी, संख्याशास्त्राची ताजी पदवी खिशात घेऊन आलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आकडेवाला तू? झकास. आता आमचे आजारी लोक तुझ्या मशीनमध्ये घाल, बघू काय निघतं." तेव्हापासून माझं नाव आकडेवाला पडलं.

विभागप्रमुख डॉ. सबनीस यांनी एक अभ्यास काढला होता. जीबीएस नावाचा आजार खेड्यातून आलेल्या आणि शहरातल्या रुग्णांमध्ये कसा वेगळा दिसतो, याचा. या आजारात शरीराची राखण करणारी यंत्रणाच बिथरते आणि स्वतःच्या नसांवर उलटते. आधी पायांना मुंग्या येतात, मग पायांतलं बळ जातं, मग हातांतलं, आणि नशीब वाईट असेल तर श्वासाचंही. औषध आहे, पण ते लवकर सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग. म्हणून आमच्या फॉर्मवर सगळ्यात महत्त्वाची चौकट होती सातवी: पहिलं लक्षण जाणवल्यापासून इस्पितळात दाखल होईपर्यंत किती दिवस गेले. त्या एका चौकटीसाठी मॅडम एकेका माणसापाशी तास तास बसायच्या.

बसायच्याही पेशंटच्या पायाशी. स्टूल ओढून घ्यायच्या, पांघरुणाखाली हात घालून त्याचं पाऊल हलकेच हातात धरायच्या आणि मग बोलायला लागायच्या. मी एकदा विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, "अरे, त्याला आपले पाय आहेत की नाहीत तेच कळत नसतं. कोणीतरी धरलेले बरे असतात."

त्यांच्या टेबलाखाली गेल्या आठ-दहा वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं रचून ठेवलेली होती. वाण्याने दिलेली, बँकेची, औषधाच्या दुकानाची. तिथी, सण, अमावास्या सगळं छापलेली. मला वाटलं, बाईंना जुनं फेकवत नाही. पुढे जव्हारकडचा एक शेतमजूर भरती झाला तेव्हा त्यांचा उपयोग कळला. त्याला बोलायची ताकद नव्हती, भाऊ बोलत होता.

"कधीपासून झालं?"

"वाघबारशीला नाचाय उठला, त पाय उचलंना."

माझ्या फॉर्ममध्ये दिवस, महिना, साल अशा तीन चौकटी होत्या, आणि वाघबारस त्या तिन्हींत बसत नव्हती. मॅडम मात्र खाली वाकून कॅलेंडर काढून पानं उलटतसुद्धा होत्या. "वसुबारस. आपली वसुबारस तीच त्यांची वाघबारस." मग माझ्याकडे वळून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, "जोशी ना रे तू? आणि तुला ही तिथी एका ख्रिश्चन बाईनं सांगायची?" भाऊ हसला. मला वाटतं, पेशंटचेही डोळे हसले.

फॉर्मच्या समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलं: वाघबारस अधिक पाच. चौकटीत लिहिलं: ५.

ही त्यांची पद्धत. शिकलेला असो, बिनशिकलेला असो, प्रत्येकाच्या समासात तो दिवस लिहायचा, जिथून मोजायला सुरुवात केली. "तारीख विसरतात रे माणसं. सण नाही विसरत. त्या दिवशी घरात काय शिजलं, कोण आलं, सगळं आठवतं. तिथून बोटांवर मोज, चुकणार नाहीस." मला हे फार अशास्त्रीय वाटायचं. नंतर एकदा मी जुन्या केसपेपरांशी त्यांचे आकडे गुपचूप पडताळून पाहिले आणि गुपचूपच गप्प बसलो.

मुरबाडकडून हिराबाई आल्या. पौष पौर्णिमेला त्यांच्या हातून पाण्याचा हंडा निसटला होता. गावातल्या डॉक्टरला सांगितलं, "अशक्तपणा वाटतोय." आता मराठीत अशक्तपणा म्हणजे काय, तर थकवा. त्याने सलाईनची बाटली लावली. दुसऱ्या दिवशी दुसरी लावली. तिसऱ्या दिवशी उभंच राहता येईना, तेव्हा मुलांनी झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीप, मग रुग्णवाहिका. पौर्णिमेपासून चार दिवस. शेवटच्या दिवशी त्या नुसता प्रवासच करत होत्या.

त्याच आठवड्यात बोरीवलीच्या एका टॉवरमधला, कॉम्प्युटर कंपनीतला तरुण आला. त्याच्या घरापासून इस्पितळ रिक्षाने पाऊण तासावर. त्याला पायांत मुंग्या आल्या, त्याने मोबाइलवर शोधलं, व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतल्या. मग जिममध्ये जास्त वजन उचललं म्हणून झालं असेल म्हणून मालीश. मग हाडांचा डॉक्टर, मग पाठीचा फोटो. मधे शनिवार-रविवार.

"सण कुठला होता?" मॅडमनी विचारलं.

"सण नाही मॅडम. माझं अप्रेजल होतं त्या दिवशी."

मॅडमनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने समासात लिहिलं: अप्रेजल अधिक अकरा.

दुपारी डबा खाताना त्या आमच्या टेबलावर सुक्या बोंबलांचा वास पसरवायच्या आणि मला चिडवायच्या. "एक घे रे. बाटली मसाला आहे, वर्षाचा बाटल्यांत भरून ठेवतो तो, माझ्या सासूच्या हातचा. कुटून कुटून मेली बिचारी, तुझ्यासारख्यांनी खायचं नाही म्हटलं तर तिला काय वाटेल?" बोलता बोलता नवऱ्याचा विषय निघायचा. पास्कल. गावठाणातल्या लग्नांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, दिवसा एका कारखान्यात फिटर. "तोंडानं वाजवायचं म्हणून दात फार जपायचा. आणि माझ्याशी भांडायला तोंड उघडायचं नाही, म्हणे ओठ खराब होतील." हे सांगून त्या स्वतःच हसायच्या. चार वर्षांपूर्वी तो गेला हे मला ठाऊक होतं. कशाने, ते मला फॉर्मनी सांगितलं.

अभ्यासात मागल्या वर्षांतल्या केसेसही घ्यायच्या होत्या, गेलेल्या रुग्णांच्यासुद्धा, माहिती नातेवाईकांकडून. गठ्ठ्यात एक केसपेपर होता. पास्कल मिस्किटा, वय अठ्ठावन्न, शहरी. व्हेंटिलेटरवर सत्तावीस दिवस, मग न्यूमोनिया, मृत्यू. आमच्याच इस्पितळात, आमच्याच वॉर्डात. मी तो हातात धरून उभा राहिलो. मॅडमनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "हा मी भरते."

दुसऱ्या दिवशी भरलेला फॉर्म माझ्या टेबलावर आला. चौतीस नंबर. सगळं नेटकं, सुवाच्य. सातव्या चौकटीत: २. आणि समास कोरा.

पेन्सिलीची खूणसुद्धा नव्हती. बाकी एकूण एक फॉर्मच्या समासात काही ना काही होतं: नागपंचमी, पोळा, पगाराचा दिवस, मेव्हणीचं डोहाळजेवण. एवढ्या एकाच फॉर्मवर मिस्किटा मॅडमना दिवस आठवला नव्हता. हा आकडा खोटा आहे हे कळायला संख्याशास्त्र शिकावं लागत नाही. तरीही मी, माझी अक्कल पाजळायला म्हणा किंवा नुसता मूर्खपणा म्हणा, बोललोच. "मॅडम, चौतीसचा समास राहिलाय."

"राहू दे."

एवढंच. पुढचे आठ दिवस त्या डबा घेऊन आमच्या टेबलावर आल्या नाहीत. एका विधवा बाईच्या जिव्हारी लागेल असं बोललो, म्हणून माझी मलाच लाज वाटत होती. मी तो २ मशीनमध्ये टाकला आणि पुढे गेलो. पण त्यानंतर मॅडम वॉर्डात कोणाला "नक्की कधीपासून?" असं विचारताना दिसल्या की मी तिथून सटकायचो. रोज सगळ्यांना जे विचारायचं, ते स्वतःला विचारायची त्यांची छाती होत नव्हती. आणि ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

अभ्यास संपत आला. डॉ. सबनीसांनी विभागाची बैठक बोलावली आणि पडद्यावर निष्कर्ष दाखवायला सुरुवात केली. माणूस चांगला, मन लावून काम करणारा, पण त्यांना प्रत्येक गोष्ट तीन ओळींत हवी असे. खेड्यातले रुग्ण थोडे उशिरा येतात, असं एकंदरीत दिसत होतं. 'विलंबाची कारणं' असं वर लिहिलं होतं. शहरी रुग्णांच्या खाली: निदानातील गुंतागुंत, कामाचा ताण. ग्रामीण रुग्णांच्या खाली पहिलाच शब्द: अज्ञान.

"सर," मॅडम मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "तो शब्द काढा."

"मॅडम, हा दोषारोप नाही. सगळीकडे असंच लिहितात."

"हिराबाईनं पहिल्या दिवशी डॉक्टरला दाखवलं. पहिल्या दिवशी! ती अज्ञानी? आणि तो अप्रेजलवाला अकरा दिवस मोबाइल बघत बसला, त्याला कामाचा ताण?"

"एखाद-दुसऱ्या उदाहरणावरून नाही ना बोलता येत." सबनीस समजुतीच्या स्वरात म्हणाले. "शहरात माहिती असते, सोय असते. तुमचंच बघा ना. तुम्ही मिस्टरांना दोन दिवसांत आणलंत."

ते चांगल्या भावनेनेच बोलले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. मी खाली बघत राहिलो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं की मॅडम उभ्या राहिल्या आहेत.

"आकडेवाल्या, चौतीस नंबर काढ. दुरुस्ती लिही."

"मॅडम, नंतर करूया का?" मी म्हणालो.

"आत्ता. चौकट सात. दोन खोडून नऊ लिही. समासात लिही, राखेचा बुधवार."

मग त्या आम्हा सगळ्यांसमोर, वॉर्डात दुसऱ्याची माहिती वाचून दाखवतात त्याच आवाजात, सांगत गेल्या. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतात, त्या दिवशी उपास असतो आणि तिथून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू होतो. त्या संध्याकाळी पास्कल म्हणाला, पायांना मुंग्या येताहेत, जिना चढवत नाही. "मी म्हटलं, एक दिवस जेवला नाहीस तर ही तऱ्हा, वय झालं तुझं." त्या काळात त्याने दारू सोडायचा नेम केला होता. शनिवारी म्हणाला, अंगात त्राण नाही. "मी म्हटलं, बाटली सोडलीस ना, चार दिवस असंच होणार, कळ काढ. मला आनंदच झाला होता, सर. सुटतेय म्हणून. त्याला रोज संध्याकाळी शाबासकी देत होते." पुढच्या बुधवारी हातातला पेला पडला. तो बुधवार त्यांनी फॉर्मवर पहिला दिवस धरला होता. आणि इस्पितळात आणला त्या शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना होती. त्यात चौदा ठिकाणी थांबतात, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकायचे आणि उठायचं. "तिसऱ्या ठिकाणी तो खाली बसला तो उठलाच नाही. लोकांना वाटलं, काय भक्ती आहे! मलापण तसंच वाटलं."

मॅडम सबनीसांकडे वळल्या.

"एकवीस वर्षं या वॉर्डात काम केलं होतं मी तेव्हा. रोज हेच बघत होते. मी गावठाणातली, दोन बसस्टॉपवर इस्पितळ. मला काय लिहाल, सर? अज्ञान?"

सबनीसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग स्वतः कीबोर्ड पुढे ओढून तो शब्द पुसला. त्या जागी काय लिहावं ते त्यांना सुचेना, म्हणून ती ओळ तशीच मोकळी राहिली. बैठक तिथेच संपली.

सगळे उठले तरी मॅडम सबनीसांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. मी लॅपटॉप आवरत होतो, म्हणून ऐकलं.

"सर, पहिल्या दिवशीच आणला असता तर वाचला असता का?"

"सांगता येत नाही, मॅडम. शक्यता जास्त होती. कदाचित."

"अंदाजे सांगू नका."

सबनीसांनी हातातले कागद टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "अंदाजेच सांगता येतं हो. तेवढंच आहे आमच्याकडे."

दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. डबा नव्हता. "नऊ टाकलास?"

"टाकला."

"किती फरक पडला?"

मी त्यांना समजावलं. आम्ही सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावतो आणि मधला धरतो. शहरी रुग्णांच्या ओळीत पास्कलचा आकडा मधल्याच्या खाली होता काय आणि वर गेला काय, मधल्याच्या शेजारीही तोच आकडा पुन्हा असल्यामुळे मधला हलला नव्हता. खोटं बोलावं असं फार वाटलं. एवढं बळ एकवटून बोललेल्या बाईला, पडला थोडा फरक, असं म्हणायला माझं काय जात होतं? पण त्यांच्यासमोर आता खोटा आकडा सांगवेना.

"काहीच नाही, मॅडम. निष्कर्ष तोच आहे."

"काहीच नाही?"

"नाही."

त्या माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. चार वर्षं ते नऊ दिवस या बाईच्या छातीवर बसले होते, आणि आमच्या गणितात ते इकडचे तिकडे झाले तरी कुठे खुट्ट वाजलं नव्हतं. त्या क्षणी मला माझ्या विद्येचा राग आला. मी पाण्याची बाटली पुढे सरकवली, तेवढंच मला सुचलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सण लपवला होता मी. सण कधी चुकत नाही रे." आणि उठून वॉर्डात गेल्या. पुढच्या सोमवारपासून आमच्या टेबलावर पुन्हा बोंबलांचा वास यायला लागला. त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

वर्षभराने त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडे परदेशात गेल्या. निरोपाच्या समारंभात भाषणं झाली, मीही केलं, त्यातलं एक वाक्य मला आठवत नाही. आठवते ती त्या आधीच्या आठवड्यातली एक सकाळ.

मुलुंडहून एक गृहस्थ भरती झाले होते. बँकेत मॅनेजर. दोन्ही पाय गेलेले, आवाज बसलेला, आणि कुठल्याही क्षणी श्वासाला मशीन लागेल अशी अवस्था. त्यांची बायको, शाळेत शिक्षिका, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. कॉटनची साडी, हातात फाइल. अभ्यास संपला तरी विभागाने फॉर्म चालू ठेवला होता; मॅडम तो घेऊन तिच्या शेजारी बसल्या. मी पलीकडे दाराशी एका सहीसाठी थांबलो होतो.

"नक्की कधीपासून?"

"झाले दोन-तीन दिवस," बाई म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या. त्यांची बोटं फाइलीच्या कडेवरून पुढेमागे फिरत होती. "दोनच. हो, दोन. आम्ही लगेच आणलं."

मला वाटलं, आता मॅडम पेन थांबवतील आणि म्हणतील, आठवा. त्यांनी फॉर्म मिटून मांडीवर ठेवला. मग मॅडम तिच्याकडे न वळता, शेजारीण शेजारणीशी बोलते तशा हळू आवाजात म्हणाल्या,

"माझे नऊ होते. तुमचे किती?"